आउटस्टँडिंग म्हणजे थकबाकी नव्हे

कुणी 'आउटस्टँडिंग म्हणजे थकबाकी' असं लिहिलं, तर ते मला पटत नाही. मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्याची खाती सांभाळते. माल उधारीवर गेला की रक्कम आउटस्टँडिंग, म्हणजे आपली साधी येणे बाकी. मुदतीचा दिवस आला की ड्यू. तो उलटला की ओव्हरड्यू, आणि थकबाकी ती हीच. मागे एका जुन्या गिऱ्हाइकाला मुदतीतल्या बिलांची यादी 'थकबाकी' म्हणून गेली. 'ताई, मी कधी पैसे थकवले का?' एवढंच विचारलं त्यांनी. फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोन रकाने वेगळे. शिवाय २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगांना पैसे देणं, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. पुढे चक्रवाढ व्याज लागतं.