प्रत्येक शहराला ‘दुसरं पुणे’ करायचा हट्ट कशाला?

भोसरीकर:
परवा उद्योजकांच्या एका बैठकीत पुन्हा तेच ऐकलं, सोलापूर, कोल्हापूर, सगळीकडे ‘दुसरं पुणे’ उभं करायचं. माझा भोसरीत मशीन शॉपचा गाळा आहे. पहाटे कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांचा, टेम्पो येतो. माल उतरवताना साच्याची वाळू हाताला लागते. आम्ही बोअरिंग-फेसिंग करतो, म्हणजे भोकं आणि पृष्ठभाग मापात कापतो, मग पार्ट चाकणच्या मोटार कारखान्यांना जातो. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून शिरोलीकडच्या लोकांचा हात ओतकामात मुरलाय. पुण्याच्या जागेच्या भावात फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, परवडायचीही नाही. इचलकरंजीला माग, तिरुपूरला होजिअरी. मोठ्या शहरात दहा धंदे एकमेकांच्या आधाराने चालतात, लहान शहर एकाच कामात तरबेज होतं. ती घडी मोडू नका.

मूळची सोलापूरची:
तरबेज होतं आणि त्या कामाबरोबर बुडतंही, दादा. आमचे आजोबा आणि वडील दोघेही सोलापूरच्या कापड गिरणीत. भोंगा झाला की घरात चहाचं आधण चढायचं. गिरणी बंद पडली तेव्हा वडील अडतीस वर्षांचे होते. विणकामाशिवाय काही येत नव्हतं आणि गावात दुसरं काम नव्हतं. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झालं, माणसांचे फार हाल झाले. पण त्या शहरात बंदर होतं, बँका होत्या, औषधांचे कारखाने होते. आम्हाला बाडबिस्तरा बांधून पुण्यालाच यावं लागलं. आज मी पिंपरीत राहते ती हौसेने नाही.

शिरोलीचा फाउंड्रीवाला:
भोसरीकर, आमच्या हाताचं कौतुक केलंत, आता हिशेबही ऐका. कच्चं कास्टिंग आम्ही किलोवर विकतो. तेच मशीन करून तुम्ही नगावर विकता. कष्ट, धूर, भट्टीची उष्णता आमच्याकडे आणि भाव ठरवणार तुम्ही! त्यात विजेवरच्या गाड्यांना इंजिन ब्लॉक लागत नाही. आमच्यासारख्या लहान फाउंड्रीने पुढे काय ओतायचं?

भोसरीकर:
किलोचा मुद्दा मान्य. पण नुसतं मशीन घेऊन भागत नाही. माझा इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलायचं पातं, तुटला तर मागच्या गल्लीत दुसरा मिळतो. गेज तपासणारा, ग्राइंडिंगवाला, हीट ट्रीटमेंट, सगळं सायकलच्या अंतरावर. १९६२ ला एमआयडीसी झाली, पिंपरी-चिंचवडला टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज आले, त्यांच्या कामावर हे लहान गाळे वाढले. हे घडायला साठ वर्षं लागली. म्हणून म्हणतो, शिरोलीला आधी चांगली टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायची सोय, द्या, मोटारीच्या कारखान्याची स्वप्नं नकोत.

मूळची सोलापूरची:
मग छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला काय झालं? ऐंशीच्या दशकात तिथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्यामागे सुट्या भागांची वर्कशॉपं उभी राहिली. सुरुवात मोठ्या कारखान्यानेच झाली ना? तुम्ही स्वतःच वर पिंपरीचं तेच सांगितलंत. मग सोलापूरने कोणाची वाट बघायची?