४१ टक्के, पण कशाचे?
'केंद्राच्या करांतले ४१ टक्के राज्यांना मिळतात' असं वर दोघातिघांनी लिहिलंय. बरोबर, पण अर्धंच. १५व्या वित्त आयोगाचे (केंद्र-राज्यांतली करवाटणी सुचवणारा आयोग; काळ २०२१-२६) ते ४१ टक्के विभाज्य निधीतले, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करांतले, एकूण करवसुलीतले नव्हेत. उपकर (ठरावीक कामासाठीचा कर) आणि राज्यघटनेच्या कलम २७१ खालचा अधिभार (करावरचा जादा कर) कलम २७० नेच बाहेर ठेवलाय. वसुलीचा खर्चही आधी वजा होतो. (आधीच्या ४२ टक्क्यांचे ४१ झाले ते जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे.)

पेट्रोल घ्या. मे २०२२ च्या कपातीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला १९.९० रुपये उरलं होतं: मूळ १.४०, विशेष अतिरिक्त (हा अधिभारच) ११, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५, कृषी उपकर २.५०. त्यातले वाटपात येत ते फक्त १.४०. त्याचे ४१ टक्के म्हणजे जेमतेम ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. १५व्या आयोगानुसार महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, म्हणजे लिटरमागे साडेतीन पैशांच्या आसपास! राज्याचा व्हॅट वेगळा, तो यात मिसळू नका. स्पर्धा परीक्षांच्या पूर्वपरीक्षेतल्या विधानात 'सकल कर महसुलाच्या ४१ टक्के' दिसलं तर ते चूकच धरा.