मदत हवी आहे: नवउद्योग आणि आर्थिक वाढ, कोणतं माप धरायचं?

नव्या उद्योगांमुळे देशाचं दरडोई उत्पन्न किती वाढतं, हे अनेक देशांच्या आकडेवारीवरून तपासतो आहे. मापं दोन. ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणाचा टीईए (सुरुवातीच्या टप्प्यातली उद्योजकता) दर, म्हणजे १८ ते ६४ वयाचे किती टक्के लोक धंदा उभारताहेत किंवा साडेतीन वर्षांच्या आतला चालवताहेत. दुसरं जागतिक बँकेचं: १५ ते ६४ वयाच्या दर हजार माणसांमागे वर्षभरात नोंदलेल्या नव्या मर्यादित कंपन्या.

दोन्हींचं उत्तर जुळत नाही. नोकरी नाही म्हणून हातगाडी लावणारा टीईएत मोजला जातो, नोंदणीत येतच नाही. म्हणून बऱ्याच गरीब देशांत पहिला आकडा मोठा, दुसरा नगण्य. संधी आणि नाइलाज अशी फोड केली, पण २०१९ पासून सर्वेक्षणातले हेतूचे प्रश्नच बदलले आणि मालिका तुटली.

देशनिहाय, वर्षनिहाय स्थिर परिणाम घातले आहेत, म्हणजे देशादेशांतले कायमचे आणि वर्षावर्षांतले सर्वांना समान फरक वगळले आहेत. नवउद्योग आणि वाढ यांत धरलेला विलंब (किती वर्षांनी परिणाम मोजायचा) बदलला की परिणामाचं चिन्ह (अधिक की उणे) बदलतं. ते पटण्यासारखं आहे: आधी रोजगार वाढतो, मग स्पर्धेत कमजोर कंपन्या गळतात, उत्पादकतेचा फायदा फार उशिरा दिसतो. खरी अडचण उलट्या कार्यकारणाची. तेजी आली म्हणूनही कंपन्या निघतात.

कंपनीनिहाय आकडे मिळणार नाहीत. नोंदणी सोपी करावी की चालू कंपन्यांना वाढीचं भांडवल द्यावं, हे ठरवायला निष्कर्ष लागणार आहे, त्यामुळे नुसता सहसंबंध पुरणार नाही.

नोंदणीला लागणारे दिवस आणि खर्च यांतला बदल साधन-चल म्हणून (म्हणजे नव्या कंपन्यांवर परिणाम करणारा, पण वाढीवर फक्त त्यांच्यामार्फतच करणारा घटक म्हणून) चालेल का, की अशा सुधारणा इतर सुधारणांसोबतच येत असल्याने तो बाद ठरतो? आणि २०१९ चा सांधा कुणी कसा जोडला आहे?