कोकणात समुद्राला लागून प्लॉट, समोरची पुळण "सरकारी लायसन्सवर" मिळते म्हणतात, खरं आहे का?

मानेवाडा_मिलिंद

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे पण नीट वाचून सांगा.

माझा साळा आणि त्याचे दोन दोस्त मिळून दापोली बाजूला समुद्राला लागून ११ गुंठे जागा घेऊन राहिले, मलाही चौथा पार्टनर व्हा म्हणून मागं लागले आहेत. एजंटनं व्हॉट्सअॅपवर कागद पाठवले ते मी पाहिले. सातबारा आहे, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र आहे, जागेवर आधीच एक पत्र्याचं शेड आहे त्याची २०१४ ची घरपट्टीची पावती आहे. व्हिडिओत दिसते की शेडच्या पुढं दगडी बांध आणि बांध संपला की सरळ पुळण. एजंट म्हणते की बांधाच्या पुढची वाळू सरकारची असते पण ती लायसन्सवर मिळते, दरवर्षी फी भरायची अन् तिथं चार कॉटेज आणि एक रेस्टॉरंट टाकायचं, लायसन्स आत्ताच्या मालकाच्या नावावर आहे ते तुमच्या नावावर ट्रान्स्फर करून देतो, फक्त पंधरा दिवसांत टोकन द्या.

मी सीआरझेडचं (समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) विचारलं तर म्हणे ते नंतर रेग्युलराइज होते, सगळ्यांचंच होते. आता आपण नागपूरचे लोक, आपल्याकडे अर्धं शहर असंच बसलं आहे, आधी प्लॉट मग घर मग १५-२० वर्षांनी डिमांड (शुल्क) भरून आरएल (नियमित केल्याचं पत्र), त्यामुळं साळ्याला यात काही वावगं वाटून नाही राहिलं. मला मात्र धाकधूक आहे. चौघांचे मिळून पैसे लहान नाहीत, माझा हिस्सा म्हणजे पोरीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागेल. लायसन्स ही भानगड नक्की काय आहे? आणि घरपट्टी भरलेलं शेड म्हणजे कायदेशीर शेड का?

वकील_धरमपेठ

मिलिंदभाऊ, टोकन देऊ नका. आधी हे वाचा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. समुद्राचा तळ, खाड्या आणि भरतीच्या रेषेखालची जमीन राज्य सरकारची. भरती आणि ओहोटीच्या मधला जो पट्टा आहे तो सातबाऱ्यावर कुणाच्या बापजाद्याच्या नावानं असूच शकत नाही. त्या पट्ट्यात सरकार कधी कधी परवानगी देतं हे खरं आहे, जेट्टी, धक्का, बोटींचा रॅम्प अशा कामांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ देतं, पण ती त्या कामापुरती आणि अटींवर असते आणि तिला पर्यावरणाची सीआरझेड मंजुरी वेगळी लागते. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही.

आता लायसन्स. लायसन्स म्हणजे जागेत हक्क नव्हे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५२ मध्ये हे स्पष्ट आहे, दुसऱ्याच्या जागेवर एखादी गोष्ट करायची नुसती मुभा, जी एरवी केली तर बेकायदेशीर ठरली असती. ती मुभा ज्याला दिली त्यालाच असते, त्यानं ती तुम्हाला विकायची नसते. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "लायसन्सचे सर्व हक्क हस्तांतरित" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला तरी सरकारसाठी तो कागद कोराच. उद्या सरकारनं ते रद्द केलं तर तुम्ही कोण म्हणून भांडणार? एजंटला सांगा की मूळ परवान्याची प्रत दाखव, कोणत्या ऑफिसनं दिला, कोणत्या कामासाठी, किती मुदतीचा. माझा अंदाज आहे की ती प्रत येणार नाही, आणि आलीच तर शॅक (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या झोपड्या) पॉलिसीचा एखादा फॉर्म निघेल.

कारण शॅकची एक पॉलिसी आहे खरी. २०२० मध्ये राज्य सरकारनं आठ किनारे निवडले, त्यात गुहागर, आरेवारे, कुणकेश्वर, तारकर्ली, वरसोली, दिवेआगर, केळवे, बोर्डी. पण ती तात्पुरत्या शॅकची आहे, उचलून नेता येतील अशा, आणि भर स्थानिक लोकांच्या रोजगारावर आहे. नागपूरच्या चौघांनी काँक्रीटचे कॉटेज बांधण्याशी तिचा काही संबंध नाही.

घरपट्टीबद्दल: घरपट्टी हा कर आहे, परवानगी नाही. ग्रामपंचायत बेकायदा बांधकामाकडूनही कर घेते आणि नमुना ८ ला (कराच्या नोंदवहीत) नोंद करते, त्यानं बांधकाम कायदेशीर होत नाही. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे. त्याआधीचं अधिकृत घर असतं तर आहे त्या जोत्यावर, आहे तेवढंच, दुरुस्ती-पुनर्बांधणीची सोय असते. तुमची पावती २०१४ ची. ती शेडचं वय सांगते, बस.

हर्णैकर_सध्या_नागपूर

मी मूळ हर्णैचा, नोकरीमुळे बारा-चौदा वर्षं इकडे. वकील ताईंनी कायद्याचं सांगितलं, मी पुळणीचं सांगतो.

व्हिडिओत जी रिकामी वाळू दिसते ती रिकामी नसते हो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या ओढून पुळणीवरच घेतात आणि वरून झापांनी शाकारून ठेवतात. बाकीच्या दिवसांत तिथेच जाळी पसरतात, विणतात, सुकवतात, बायका तिथेच मासळी वाळत घालतात. ह्यासाठी कोळ्यांकडे सातबारा नाही आणि कधी नव्हता, कारण ती जागा कुणा एकाची नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आता तुमच्यासारखा कुणी येऊन तिथे चार कॉटेज टाकतो, बांबूचं कुंपण घालतो, दोर बांधून "प्रायव्हेट बीच" असा बोर्ड लावतो. पहिल्या वर्षी होडी दहा पावलं सरकते, तिसऱ्या वर्षी तिला जागाच उरत नाही. असं मी आमच्या आजूबाजूच्या गावांत होताना बघितलंय आणि मला त्याचा राग आहे, तुमच्यावर नाही, तुम्ही निदान विचारताय.

दुसरं म्हणजे तो दगडी बांध. बांध समुद्राच्या लाटा अडवायला घातला असं वाटतं, पण उधाणाची लाट बांधावर आपटली की परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. दोन पावसाळ्यांत बांधाच्या पुढची पुळण खाली उतरते आणि शेजाऱ्याच्या माडांची मुळं उघडी पडतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात पत्रे तर उडालेच, माड आणि सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. ज्यांच्या पुढे सुरूचं बन आणि केवड्याची दाटी शिल्लक होती त्यांच्यात आणि ज्यांनी समुद्र दिसावा म्हणून ती तोडली त्यांच्यात काय फरक पडला तो गावात कुणालाही विचारा.

लेआउट_किंग

सगळे एकाच सुरात बोलून राहिले म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी या धंद्यात आहे, बेसा-हुडकेश्वरकडे लेआउट टाकले आहेत. ५७२ लेआउट, मग १९०० लेआउट, सगळे अनधिकृतच होते ना? गुंठेवारीचा, म्हणजे असे प्लॉट नियमित करायचा, कायदा आला, लोकांनी पैसे भरले, आज तिथं रस्ते आहेत, बँका लोन देऊन राहिल्या. लोक राहायला लागले की सरकारला मानावंच लागते. आणि नियम फक्त लहान माणसाला का? मुंबईत कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव टाकला, त्यासाठी ३० डिसेंबर २०१५ ला सीआरझेडचा नियमच बदलून घेतला. मोठ्यांनी समुद्र बुजवला तर विकास अन् आपण चार कॉटेज टाकले तर गुन्हा, हे काही पटत नाही बुवा. कोकणातल्या पोरांनाही काम पाहिजे.

वकील_धरमपेठ

लेआउट किंग, कोस्टल रोडचा तुमचा मुद्दा खरा आहे. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ती सीआरझेड मंजुरी रद्द केली होती, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढं गेलं. मोठ्या प्रकल्पाला एक माप आणि कोळ्याच्या घराला दुसरं, हा अन्याय आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्यातून मिलिंदभाऊंना भूखंड सुटत नाही. सरकारकडं नियम बदलून घ्यायची ताकद आहे, यांच्याकडं नाही.

गुंठेवारीची बरोबरी इथं करू नका. तिथं प्रश्न होता अकृषक परवानगी नाही, नकाशा मंजूर नाही, रस्ते-नाल्या नाहीत, असा. डेव्हलपमेंट चार्ज भरून तो सुटतो. इथं जागेवर बांधकामच निषिद्ध आहे, आणि कायदा केंद्राचा आहे, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालचा, तो ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या हातात नाही.

केरळातलं मरडू आठवा. कोचीजवळ पाण्याकाठी उंच टॉवर, २००६ मध्ये पंचायतीनं रीतसर परवाने दिलेले, लोकांनी होम लोन काढून फ्लॅट घेतलेले. पंचायतीनं सीआरझेडच्या प्राधिकरणाची मंजुरीच घेतलेली नव्हती. ८ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं पाडा म्हटलं, ११ आणि १२ जानेवारी २०२० ला स्फोटकं लावून चारही संकुलं जमीनदोस्त झाली, टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. राहणाऱ्यांची चूक एवढीच की पंचायतीचा शिक्का पाहून विश्वास ठेवला. प्रत्येक फ्लॅटमागं २५ लाखांची अंतरिम भरपाई ठरली, ज्यांची घरं त्याच्या कितीतरी वरची होती त्यांचं काय? आणि ते रिकामं शेड नव्हतं, तिथं तीनशेच्या वर कुटुंबं राहत होती. "लोक राहायला लागले की मानावंच लागते" हे तिथं चाललं नाही.

डागा_लेआउट_रहिवासी

समुद्राचं मला काही कळत नाही पण पाण्याच्या काठावर घर म्हणजे काय हे कळते. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पहाटे आमच्या हॉलमध्ये फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आमच्या घराचा नकाशा मंजूर आहे, सगळ्या सह्या-शिक्के आहेत, ती फाइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, वाळवली तर कागद एकमेकांना चिकटून बसले. भिंतीवर चिखलाची रेघ छातीपर्यंत होती, रंग दिला तरी पावसाळ्यात अजून ओल धरते. आम्ही घर घेतलं तेव्हा नाल्याची रुंदी कुणीच विचारली नव्हती, ना विकणाऱ्यानं सांगितली. मिलिंदभाऊ, कागद कोणाचा आहे याच्या आधी पाणी कुठपर्यंत येते हे विचारा.

निवृत्त_भूकरमापक

भूमी अभिलेखमध्ये आयुष्य गेलं, काही वर्षं कोकणात पोस्टिंग होतं, म्हणून थोडं मोजणीचं सांगतो.

सगळा खेळ भरती रेषेचा आहे. ही रेषा रोजच्या भरतीची नसते, उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या, पाणी जिथपर्यंत चढतं ती. तिथून जमिनीकडं ५०० मीटर सीआरझेड. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले: जिथं २०११ च्या जनगणनेप्रमाणं चौ. किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तिथं ना विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम बंद असलेला पट्टा, ५० मीटर, बाकी सगळीकडं २००. एजंट लोक ५० चा आकडा बिनदिक्कत सगळ्यांना सांगतात. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी घनता २०० च्या आसपास आहे, त्यामुळं दापोलीतल्या साध्या गावाला ५० मीटर लागू होणं फार कठीण. शिवाय २०१९ चे नियम त्या जिल्ह्याचा नवा नकाशा मंजूर झाल्यावरच लागू होतात, तोवर २०११ चेच.

आता तुमचा प्लॉट. ११ गुंठे म्हणजे ११०० चौ. मीटरच्या थोडं वर. समुद्राकडची रुंदी २० मीटर धरली तर खोली ५५ मीटर. बांधालाच भरती रेषा धरा, तरी प्लॉटची मागची हद्द ५५ मीटरवर संपली. म्हणजे सगळाच्या सगळा प्लॉट २०० च्या आत. पुढचं लायसन्स राहू द्या, तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्याच्या जागेतसुद्धा एक पक्की खोली उभी राहत नाही. २०० ते ५०० मध्ये घर होऊ शकतं, ९ मीटर उंची आणि तळ अधिक एक मजला, तेही परवानगीनं. स्वतः राहायचं ३०० चौ. मीटरपर्यंतचं घर असेल तर ते स्थानिक प्राधिकरण सीआरझेडचे नियम तपासून मंजूर करू शकतं, पण रिसॉर्टला ही सवलत नाही. आणि जवळ खाडी असेल, कांदळवन असेल तर आणखी कडक. १००० चौ. मीटरच्या वर कांदळवन असलं तर त्याच्याभोवती ५० मीटर मोकळं सोडावं लागतं.

एजंटच्या गुगल मॅपवरच्या लाल रेघेवर जाऊ नका. गट नंबर घ्या, जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापनाचा मंजूर नकाशा काढा, आणि पुढं जायचंच असेल तर अधिकृत संस्थेकडून १:४००० चा नकाशा करून घ्या. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची रिमोट सेन्सिंग संस्था अशा कामासाठी ओळखली जाते. खर्च येतो, पण एफडी मोडण्यापेक्षा स्वस्त.

मानेवाडा_मिलिंद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साळ्याला हे सगळं वाचून दाखवलं. भूकरमापक काकांचा ५५ मीटरचा हिशोब ऐकून तो गप्प झाला, कारण त्याला वाटत होतं प्रॉब्लेम फक्त पुढच्या वाळूचा आहे. एजंटला मूळ लायसन्सची प्रत मागितली, त्यानं "मालक मुंबईला आहे, आल्यावर देतो" म्हटलं आणि दुपारी टोकनची रक्कम अर्धी केली. माझा हिस्सा मी काढून घेतला आहे. दोस्तांपैकी एक जण अजून अडून आहे, म्हणते एकदा जागा पाहून तर येऊ.

हर्णैकर भाऊ, गावात घर असलेल्या एखाद्या कुटुंबाकडं सुट्टीत राहायचं असेल, होमस्टे म्हणून, तर ते तरी नियमात बसते का? पोरांना समुद्र दाखवायचाच आहे.

हर्णैकर_सध्या_नागपूर

बसतं. स्थानिकांनी आपल्या आहे त्या घरात, जोतं आणि दर्शनी बाजू न बदलता पाहुणे ठेवायला २०१९ च्या नियमात वाट ठेवलीय. तुमचे पैसे सरळ त्या घरात जातात. नारळी पौर्णिमेनंतर या, तेव्हा होड्या परत पाण्यात गेलेल्या असतात आणि संध्याकाळी बंदरावर लिलाव बघायला मिळतो.

आणि तुमच्या मित्राला जागा बघायला जायचंच असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्या धरून जा, भरतीची वेळ कोळीवाड्यात कुणालाही विचारून घ्या आणि त्या वेळी बांधावर उभं राहा. एजंट नेहमी ओहोटीलाच नेतो.

निवृत्त_भूकरमापक

आणि जाताना सोबत ३० मीटरचा टेप न्या. बांधापासून मागच्या हद्दीपर्यंत स्वतः मोजा, आकडा इथं टाका, गट नंबर टाकू नका. मग पुढचं सांगतो.