कळुंदर माशाच्या कुळात भारतात तीनच जाती, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात पाचशे. असं का?

खाजणकाठ:
आमच्या गोव्यातल्या चोडणच्या खाजणात कळुंदर भरपूर. भाचीने टाकीत पाळायला निळे-पिवळे आफ्रिकन सिक्लिड आणले, तेव्हा कळलं की दोघांचं कूळ एकच. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती तीन. व्हिक्टोरिया सरोवर मात्र सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं, आणि पुन्हा भरल्यावर तिथे ५००च्या आसपास जाती झाल्या म्हणतात. नवं, मोकळं पाणी मिळालं, एवढंच कारण का?

जलवेडी:
नाही. त्या पाण्यात मांगुराचे आणि कार्पांचे भाऊबंदही आले. सरोवर त्यांनाही तितकंच मोकळं होतं, पण शेकड्यांनी फुटले ते सिक्लिडच.

पुस्तकांत पहिलं कारण घशातल्या दुसऱ्या जबड्याचं देतात. चावायचं काम घशात होतं, म्हणून तोंड वेगवेगळ्या खाण्यासाठी बदलायला मोकळं राहतं. पण तो जबडा कळुंदरालाही आहे! साफ करताना कल्ल्यांच्या मागे पाहा, दातांच्या पट्ट्या हाताला लागतील. म्हणजे एवढ्याने भागत नाही.

मला खरा फरक जोडीदार निवडण्यात दिसतो. कळुंदराचे नर-मादी सारखेच दिसतात आणि पिल्लं दोघं मिळून राखतात. व्हिक्टोरियात नर रंगीत, मादी फिकी. ती नर निवडते आणि अंडी एकटीच तोंडात सांभाळते. तिथल्या गढूळसर पाण्यात निळा उजेड वरच विरतो, खोलवर तांबूसच पोचतो. पुंडामिलिया माशांत वर राहणाऱ्या जातीचे नर निळे, खालच्या जातीचे लाल. माद्यांचे डोळेही आपापल्या उजेडाला जुळलेले. मध्ये डोंगर नाही, भिंत नाही, तरी दोन जाती!

गरवाला:
टिलापियाही याच कुळातली, आपल्याकडे १९५२ साली बाहेरून आणलेली. तिच्याही माद्या अंडी तोंडात ठेवतात, नर रंग धरतात. मग व्हिक्टोरियात टिलापियाच्या मूळच्या जाती दोनच का?

जलवेडी:
फार नेमकं विचारलंत. इथेच २०१७ सालचं संशोधन कामी येतं. व्हिक्टोरियाच्या या रंगीत माशांचे पूर्वज संकरातून आले आहेत: एक वंश काँगोकडचा, दुसरा नाईलच्या वरच्या अंगाचा. लाखो वर्षं वेगळे राहिलेले जनुकांचे प्रकार एकत्र आले. लाल उजेड टिपणाऱ्या जनुकाची दोन रूपंही या दोन वंशांतूनच आली. नव्या बदलांची वाट पाहावी लागली नाही, जुन्याच मालाची नवी जुळणी झाली. एवढ्या कमी वेळात पाचशे जाती, याचं मला पटलेलं उत्तर हेच.

पण या जाती इतक्या कोवळ्या आहेत की आपसात संकर झाला तर पिल्लं जननक्षमही निघतात. त्यांना वेगळं ठेवते ती मादीची नजर. १९५०च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या शिकारी माशाने कितीतरी जाती गिळल्या, ते सगळ्यांना माहीत असतं. सांडपाण्याने आणि शेतातल्या गाळाने पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले आणि काही जाती एकमेकींत मिसळून गेल्या, हे फारसं कुणी बोलत नाही.

खाजणकाठ:
मग भाचीच्या टाकीत वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवाव्यात का?

जलवेडी:
जवळच्या जाती नकोत. आपल्याच जातीचा नर नसेल तर मादी दुसऱ्याशी जुळते. आणि संकराची पिल्लं शुद्ध जात म्हणून कुणाला देऊ नका.