जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर सापडलाय, चालू करू का?

शहापूरकर: माळ्यावर ४८के मेमरीवाला झेडएक्स स्पेक्ट्रम (टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर) सापडला की, रबरी बटणांचा. कॅसेटवरनं गेम चढवायचा, टीव्हीच्या कडेनं रंगीत पट्टे पळायचे आणि शेवटी लोडिंग एरर! कुणाकडं होता काय? डायरेक्ट प्लग लावू?

निपाणीकर: थांब मर्दा! अडाप्टर ९ व्होल्टचा पाहिजे आणि त्याची मधली पिन मायनस असतीय, बाकीच्यांच्या उलट, आधी मीटर लाव. कीबोर्डच्या आतली पट्टी पण वाळून तुटतीय, जपून उघड.

खानापूरवाला: आमच्याकडं थेट विंडोज ९८. पावसाळ्यात खानापुरात लाईट टिकतीय कुठं, गेली की परत स्कॅनडिस्क (डिस्क तपासायचा प्रोग्राम), त्याचा निळा पडदा बघत बसायचं, मग प्रिन्स ऑफ पर्शिया गेम, तो पण ६० मिनिटांत संपवायचा (भावानं कधी खेळूच दिला नाही ते सोडा).

निपाणीकर: आणि शहापूरकर, स्पेक्ट्रमचं चित्र यायला टीव्हीवर यूएचएफ ३६ चॅनल हातानं शोध.