रीप्राइस करण्याआधी जुन्या बुकिंगवरच्या सवलती मोजा

क्रूझ बुक केलेल्यांना एक सल्ला नेहमी मिळतो, की फायनल पेमेंटच्या आधी भाडं उतरलेलं दिसलं की सरळ फोन करून रीप्राइस करून घ्यायचं, म्हणजे त्याच बुकिंगला नवं कमी भाडं लावून घ्यायचं, त्यात जातंय काय. अर्धं पटतं. पण रीप्राइस म्हणजे बऱ्याचदा जुनी ऑफर काढून नवी लावणं, आणि जुनीबरोबर मिळालेलं सगळं तिच्यासोबतच जातं, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून सांगते.

आम्ही न्यू जर्सीहून सिएटलला जाऊन ७ रात्रींची अलास्का क्रूझ केली, बाल्कनीची केबिन. बुकिंगनंतर दोनेक महिन्यांनी मेल आला, दुसऱ्या प्रवाशाला घसघशीत सूट, आणि आमचं भाडं दोघांचं मिळून २६० डॉलरने कमी दिसत होतं. मी फोन उचललाच होता, तेवढ्यात नवऱ्याने जुनी इन्व्हॉइस प्रिंट करून पेन्सिलीने खुणा केल्या: २०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्च करायला मिळणारी रक्कम), शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची रोजची टिप, ऑफरमध्येच, म्हणजे माणशी रोजचे १६ धरले तरी दोघांचे २२४. नव्या ऑफरमध्ये यातलं काहीच नव्हतं! २६० वाचवायला ४२४ घालवणार होतो. तसंच ठेवलं.

त्यामुळे फोनवर आधी फक्त कोट मागा, टॅक्स आणि पोर्ट चार्जेस धरून एकूण आकडा, केबिन नंबर तोच राहणार का, आणि डिपॉझिट नॉन-रिफंडेबल असेल तर चेंज फी लागते का. एकदा बदललं की जुनी ऑफर सहसा परत लावून देत नाहीत. एजंटकडून बुक केलं असेल तर हे सगळं त्यालाच विचारायचं, क्रूझवाले बहुतेक वेळा थेट तुमच्याशी बोलतच नाहीत.